पावसाळ्याआधी सशांची अंगणातली शेड: निचरा, छप्पर, पडदा आणि हवा

अंगणातल्या सशांसाठी पावसाळ्याची तयारी म्हणजे जाळीला चारही बाजूंनी ताडपत्री बांधायची, असा समज घट्ट बसला आहे. त्याने वरचं पाणी थांबतं. पण जमिनीतली ओल तशीच राहते आणि लघवीतून सुटणारा अमोनिया आत कोंडतो. थोड्याच दिवसांत शिंका सुरू होतात, नाक वाहायला लागतं. ओल्या पेंढ्यावर बसून तळव्यांचे केस जातात आणि जखमा होतात. पिल्लांना हगवण लागते. सगळ्यात वाईट म्हणजे शेपटीखालच्या ओल्या, घाण केसांत माशी अंडी घालते. त्यातून एका दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी खातात. ससा दुखणं लपवणारा प्राणी आहे, त्यामुळे आपल्या लक्षात येतं तेव्हा बऱ्याचदा वेळ गेलेली असते.

म्हणून इथे काम ठरलेल्या क्रमाने दिलं आहे: आधी जमिनीवरून येणारं पाणी, मग छपरावरचं, मग वाऱ्यासोबत आडवी येणारी झड. हे तिन्ही अडवताना हवा मात्र अडवायची नाही. क्रम मोडू नका. जाळी आधी आणि फरशी नंतर केली की उताराच्या बाजूला जाळीखाली फट राहते आणि घूस तिथूनच आत येते.

## मोजमाप, सामान आणि मुहूर्त

खालची मापं १० फूट लांब, ६ फूट रुंद शेडची आहेत. दोन मोठे ससे त्यात नीट पळू शकतात आणि माणसाला आत वाकून का होईना, झाडता येतं. एका बाजूला उतार असलेलं छप्पर धरलं आहे: पश्चिमेकडची उंची जोत्यापासून ५ फूट, पूर्वेकडची साडेसहा फूट.

- २ × २ इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला) चौकोनी पाइप, २० फुटी, ८ नग (खांब, तिरके वासे, आडव्या पट्ट्या, उरलेल्या तुकड्यांत दाराची चौकट)
- १ × १ इंची चौकोनी पाइप, २० फुटी, ४ नग (जाळीच्या मधल्या आणि खालच्या पट्ट्या)
- रंगीत पन्हळी पत्रा, १० फुटी, ४ नग, जाडी ०.५ मिमी
- रबरी वायसर असलेले पत्र्याचे स्क्रू, साधारण ६०
- अर्धा इंच × अर्धा इंच चौकोनाची जीआय वेल्डेड जाळी, १६ गेज, सांधे आणि दार धरून सुमारे २५० चौरस फूट
- जोत्यासाठी चिरे किंवा विटा, भरावाला डबर आणि मुरूम, वर शहाबादी फरशी ६० चौरस फूट
- ताडपत्री, किमान २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम), १३ × ६ फूट एक आणि ७ × ६ फूट एक
- कप्प्या, नायलॉन दोरी, पाऊण इंची पाइप, बांबू, बांबूचे तट्टे

जाळीच्या बाबतीत तडजोड नको. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण ससा ती कुरतडतो, कुत्रा पंजाने फाडतो आणि उंदीर आरपार जातो. एक इंची चौकोनातूनही उंदीर आणि सापाची पिल्लं आत येतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत फिरतात, म्हणून अर्धा इंची जाळी खालपासून वरपर्यंत लावा.

काम एप्रिलच्या मध्याला सुरू करा. सिमेंटला सात दिवस पाणी मारावं लागतं, रंगाचा वास जायला आठ-दहा दिवस जातात. म्हणजे तीन-चार आठवडे धरून चाला. कोकण किनाऱ्यावर १५ मेच्या आत छप्पर पूर्ण बांधलेलं हवं. तौक्ते वादळ २०२१ च्या मेच्या मध्यालाच किनाऱ्यालगत गेलं आणि निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडात धडकलं. मान्सूनची तारीख बघून काम आखलं तर वादळ आधी येऊन जातं. देशावर वळवाचा वारा एप्रिलपासूनच उठतो, तिथे अर्धवट ठोकलेला पत्रा सर्वांत धोक्याचा.

सावध: कटिंग, वेल्डिंग, रंग चालू असेपर्यंत ससे त्याच अंगणात ठेवू नका. लोखंडाचा कीस पेंढ्यात पडला की तो पोटात जातो.

## टप्पा १: जागा पारखणं

अंगणातली सगळ्यात उंच जागा निवडा. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा क्वचितच सपाट असते. दोन-तीन बादल्या पाणी एका ठिकाणी ओता, ते कुठे वाहतं ते बघा आणि दहा मिनिटांनी कुठे थांबलंय ते बघा. जिथे थांबलं तिथे शेड नको.

लांबीची बाजू दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे छपराची बुटकी बाजू पश्चिमेला येईल. महाराष्ट्रात मान्सूनचा वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो. बुटकी बाजू त्याच्या तोंडावर असली की झड अंगावर कमी येते आणि उंच, उघडी बाजू वाऱ्याच्या आडोशाला राहते. विदर्भ-मराठवाड्यात कमी दाबाचा पट्टा सरकला की वारा दिशा बदलतो, म्हणून तिथे पूर्वेसाठीही एक सुटा पडदा शिवून ठेवावा.

घराच्या किंवा कंपाउंडच्या भिंतीला चिकटून शेड बांधू नका. भिंतीवरून ओघळणारं पाणी आत येतं आणि मागची बाजू कधीच साफ होत नाही. मध्ये दोन फूट सोडा. आंब्या-फणसाची सावली उन्हाळ्यात चांगली, पण सुकलेल्या फांद्या आधी छाटून घ्या. नारळाखाली तर नकोच. झावळी किंवा नारळ पडला तर पत्रा टिकत नाही.

## टप्पा २: जोतं आणि चर

पावसाळी शेडचं निम्मं काम इथेच होतं, आणि नेमकं हेच काम लोक टाळतात.

कडेने ९ इंच ते १ फूट खोल चर खणून त्यात चिरे किंवा विटा सिमेंटमध्ये बसवा आणि जोतं जमिनीच्या वर ९ इंच आणा. जमिनीखालच्या या बांधकामामुळे कुत्रा किंवा घूस उकरून आत येत नाही आणि ससाही उकरून बाहेर जात नाही. खांबांचे सहा खड्डे याच वेळी करा: तीन पश्चिमेला, तीन पूर्वेला, पाच-पाच फुटांवर, २ फूट खोल.

आता पाण्याचा हिशेब. वळचण धरून छप्पर साधारण १३ × साडेनऊ फूट होतं, म्हणजे सुमारे साडेअकरा चौरस मीटर. दिवसाला १०० मिमी पाऊस कोकणात नवलाचा नाही. तेवढ्यात या एका छपरावरून ११०० लिटरहून जास्त पाणी पश्चिमेच्या पागोळ्यांतून खाली येतं. त्याला वाट दिली नाही तर ते जोत्याच्या पायाशीच मुरतं.

पश्चिमेची वळचण दीड फूट असेल, म्हणून चराचा मध्य जोत्यापासून दीड फुटावर घ्या. चर १ फूट रुंद, ९ इंच खोल करा आणि १२ फुटांत निदान दीड इंच उतार द्या. तळापासून वरपर्यंत २० ते ४० मिमी खडी भरा. खडी निव्वळ निचऱ्यासाठी नाही. पागोळी कडक जमिनीवर किंवा चिखलावर पडली की तुषार उडून जाळीतून आत येतात, खडीवर ती फुटून तिथेच जिरते. चराचं तोंड केळी, अळू किंवा माडाच्या आळ्याकडे न्या. जागा उताराची असेल तर चढाच्या बाजूलाही एक आडवा चर लागतो. वरून वाहत येणारं पाणी शेडला भिडण्याआधीच वळवायला हवं.

तपासणी: चराच्या वरच्या टोकाला चार बादल्या भराभर ओता. पाणी कुठेही न तुंबता शेवटपर्यंत गेलं तरच पुढे जा.

## टप्पा ३: खांब आणि सांगाडा

पश्चिमेचे खांब पावणेआठ फुटी, पूर्वेचे सव्वानऊ फुटी कापा. दोन फूट काँक्रीटमध्ये, पाऊण फूट जोत्यात, उरलेला वर. पाइपची वरची तोंडं झाकणाने किंवा वेल्डने बंद करा. उघड्या तोंडातून पाणी आत जातं आणि पाइप तळातून सडतो, बाहेरून काही दिसतही नाही.

खांबांवर तीन तिरके वासे बसवा, त्यांवर तीन आडव्या पट्ट्या: एक वरच्या कडेपासून अर्ध्या फुटावर, एक मध्ये, एक खालच्या कडेपासून अर्ध्या फुटावर. सांधे नट-बोल्टचे किंवा पूर्ण वेल्डचे असू देत. वारा छप्पर दाबतो त्यापेक्षा जास्त जोराने ते खालून उचलतो, आणि नुसत्या बंधन तारेवर उभा केलेला सांगाडा पहिल्या वादळातच सुटतो. वेल्डच्या जागी जस्ताचा थर जळलेला असतो. तिथे ब्रशने घासून झिंक प्रायमर लावा.

लाकूड वापरणारच असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वाळवीसाठी लाकडाला जळकं ऑइल किंवा डांबर फासायची आपल्याकडे सवय आहे. ससा जे पोहोचेल ते कुरतडतो आणि हे त्याच्यासाठी विष आहे. लाकडी खांब जोत्यावर लोखंडी बुटात उभे करा, जमिनीत पुरू नका.

## टप्पा ४: छप्पर

फरशीच्या आधी छप्पर. म्हणजे वळीव आला तरी खालचं काम थांबत नाही आणि फरशी सावलीत नीट मुरते.

पत्रे उत्तरेच्या टोकापासून घालायला सुरुवात करा आणि दक्षिणेकडे या. प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्याच्या कडेवर चढला की सांध्याचं तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला येतं. उलट घातले तर नैऋत्येचा वारा पाणी थेट सांध्यात ढकलतो, आणि मग सिलिकॉन कितीही भरा, गळती चालूच राहते. दोन्ही टोकांना साधारण दीड फूट, पश्चिमेला दीड फूट आणि पूर्वेला दोन फूट वळचण येऊ द्या.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पन्हळीत नको. पन्हळीतून पाणी वाहतं. रबरी वायसर किंचित दबेल इतकंच पिळा. जोर लावून पिळला की रबर बाहेर फुगतं, दोन उन्हाळ्यांत तडकतं आणि स्क्रूभोवती गळायला लागतं. कडेच्या पट्ट्यांवर एक उंचवटा सोडून एक, आणि वाऱ्याच्या कोपऱ्यांवर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा.

पत्र्याखाली बांबूचे तट्टे आडव्या पट्ट्यांना खालून बांधा, पत्रा आणि तट्टा यांत दोन इंचांची पोकळी ठेवून. याची तीन कारणं आहेत. पत्र्यावर मुसळधार पाऊस वाजला की ससे बिथरतात, आणि घाबरून मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर सशाचा कणा मोडू शकतो. तट्ट्याने आवाज बराच दबतो. दुसरं, मेमध्ये तापलेल्या पत्र्याची आच थेट खाली येत नाही. तिसरं, पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो, त्याचे थेंब पेंढ्यावर पडत नाहीत. किनाऱ्यावर पत्र्याच्या वरून झापही (विणलेल्या झावळ्या) घालता येतात, पण ते जाळीने बांधून टाका.

पन्हळींच्या टोकाला पट्टी आणि पत्रा यांत फटी राहतात. त्या फोम किंवा सिमेंटने बुजवू नका. तापलेली, अमोनिया भरलेली हवा तिथूनच निघते. अर्धा इंची जाळीची पट्टी वळवून लावा. उंदीर-साप थांबतात, हवा थांबत नाही.

## टप्पा ५: फरशी

जोत्याच्या आत डबर, त्यावर मुरूम घालून पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. वर सिमेंटचा पातळ थर आणि शहाबादी फरशी. पश्चिमेकडे दर फुटाला पाव इंच उतार, म्हणजे सहा फुटांत दीड इंच. फरशीचे सांधे सिमेंटने भरा, नाहीतर लघवी खाली मुरत राहते आणि कितीही धुतलं तरी वास जात नाही. पश्चिमेच्या जोत्यात फरशीच्या पातळीला एक-एक इंचाची तीन भोकं ठेवा आणि त्यांवर जाळी मारा; धुतलेलं पाणी त्यातून चरात जाईल.

मातीची जमीन ठेवण्याचा मोह होतो, सशांना उकरायला आवडतं म्हणून. पावसाळ्यात ते परवडत नाही. पिल्लांच्या हगवणीला कारण असलेले कॉक्सिडियाचे जंतू विष्ठेतून पडतात आणि ओल-ऊब मिळाली की एक ते तीन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. ओल्या मातीतून ते काढता येत नाहीत आणि साध्या फिनाइलने मरत नाहीत. कोरडी फरशी, रोजची सफाई आणि उकळतं पाणी हाच उपाय. उकरण्यासाठी एका कोपऱ्यात दीड-दोन फुटी घमेलं किंवा खोका ठेवा, त्यात कोरडी वाळू-माती. दर पंधरवड्याने बदला.

मात्र उघड्या फरशीवर ससे ठेवायचे नाहीत, तळवे सोलतात. वर ३ ते ४ इंच भाताचा पेंढा हवा.

सावध: ओल कमी करायला फरशीवर कळीचा चुना भुरभुरवू नका. ओल लागली की तो भाजतो, आणि ससा पाय चाटतो.

## टप्पा ६: जाळी

जाळी खांबांच्या आतल्या बाजूने बसवा. लाकडी सांगाडा असेल तर तो कुरतडण्यापासून वाचतो, आणि बाहेरची बाजू पडद्यासाठी मोकळी राहते. अडचण अशी की बाहेरून कुत्र्याने धडक दिली तर आतून लावलेली जाळी सुटू शकते. म्हणून यू खिळे किंवा तार पुरेशी नाही. चौकोनी पाइपवर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आणि एक इंची मोठा वायसर, खालच्या दोन फुटांत दर ४ इंचांवर, वर दर ६ इंचांवर.

जाळीच्या दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे २ इंच एकावर एक चढवा आणि हा सांधा मधल्या १ × १ पाइपवरच घ्या. कापलेल्या तारांची टोकं आत वळलेली राहिली तर सशाचा डोळा जातो. सगळी टोकं बाहेर दुमडून घ्या आणि शेवटी हात फिरवून बघा.

दार पूर्वेला, बाहेर उघडणारं, खालचा उंबरा फरशीपासून ६ इंच वर. उंबऱ्यामुळे पेंढा बाहेर येत नाही आणि दार उघडताच ससा पायांतून निसटत नाही. पावसात फुगणारं लाकडी दार टाळा. कडी वर एक, खाली एक. एकच मधली कडी असेल तर कुत्रा खालचा कोपरा ओढून वाकवतो.

तपासणी: बाहेरून गुडघा लावून जाळी जोरात दाबा, प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना. अर्ध्या इंचाहून जास्त हलली तिथे आणखी स्क्रू मारा.

## टप्पा ७: पडदा, खालून बांधलेला

ताडपत्री वर बांधून खाली सोडायची आणि हवा हवी तेव्हा खालून गुंडाळायची, ही सर्रास होणारी चूक. खालून उघडला की वारा आणि तुषार नेमके ससा बसतो त्या उंचीवर येतात, आणि वरची गरम हवा मात्र कोंडलेलीच राहते. पडदा खाली पक्का आणि वरून उघडणारा हवा, कोंबड्यांच्या शेडला असतो तसा.

ताडपत्रीची खालची कड पट्टी आणि स्क्रूने जोत्याच्या बाहेरच्या अंगाला बसवा, जोत्याच्या माथ्यापासून ६ इंच खाली. ही कड जोत्याच्या वर किंवा आत घेतली तर पडद्यावरून उतरणारं सगळं पाणी फरशीवर येतं. वरच्या कडेला शिवण घालून पाऊण इंची पाइप ओवा. पाइपला दोन ठिकाणी दोरी, दोरी वाशाला लावलेल्या कप्पीवरून, टोक बाहेर खुंटीला. ओढली की पडदा चढतो, सैल सोडली की उतरतो. पूर्ण चढवल्यावरही छपराखाली १ फूट मोकळं राहिलं पाहिजे. वळचण दीड फूट आहे, त्यामुळे तेवढ्यातून झड सहसा येत नाही. पडद्याची दोन्ही टोकं कोपऱ्यावरून दीड-दीड फूट वळवा. दुसरा, लहान पडदा दक्षिणेला अशाच रीतीने. उत्तर आणि पूर्व कायम उघडी.

पडदा जाळीला टेकता कामा नये. वाऱ्याने आत दाबला की ससा जाळीतून तो कुरतडतो. गिळलेलं प्लॅस्टिक आतड्यात अडकलं तर बरेचदा जीव जातो. खांबांच्या बाहेरून १ फूट आणि ३ फुटांवर आडवे बांबू बांधा आणि पडदा त्यांच्या बाहेरून सोडा. जाळी ते पडदा तीन-चार इंच अंतर आपोआप राहतं. उतरवलेल्या पडद्याच्या घड्यांत पाणी साचून डास होतात. उतरवला की बाहेर तिरका ओढून खुंटीला अडकवा.

## टप्पा ८: झोपायची पेटी

शेड कितीही चांगली असली तरी विजा कडाडताना सशाला लपायला अंधारी जागा लागते. ४ × २ फूट, २ फूट उंच लाकडी पेटी, चार विटांवर उचललेली. तोंडं दोन ठेवा, प्रत्येक ७ इंच रुंद, पूर्वेकडे. एकच असेल तर दांडगा ससा दुसऱ्याला आत कोंडतो. पेटीचं झाकण उचलता येईल असं करा, आणि झाकणाखाली मागच्या बाजूला अर्ध्या इंचाची लांबट फट ठेवा. आत पॉलिश, रंग काही नाही.

आत गरमीसाठी बल्ब लावू नका. कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागेत सशाला आपल्याकडची थंडी सहज सोसते. ओल्या शेडमध्ये वायर मात्र जीव घेते.

## टप्पा ९: ससे सोडण्याआधीच्या दोन चाचण्या

पाण्याची चाचणी: पडदे चढवा, फरशीभर आणि पेटीत कोरडी वर्तमानपत्रं पसरा. मग पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून तिरका फवारा पडेल अशी नळी धरा, प्रत्येक बाजूने पंधरा-वीस मिनिटं. कागदावर ओला ठिपका कुठे आला ते खडूने फरशीवर खूण करून ठेवा. कडेने ओळीत ठिपके असतील तर तुषार, म्हणजे चरातली खडी वाढवा. मध्येच एकटा ठिपका असेल तर वरचा स्क्रू बघा. कोपऱ्यात ओल असेल तर पडद्याचं वळण कमी पडलं आहे.

हवेची चाचणी: पडदे तसेच चढवलेले ठेवून पेटवलेली उदबत्ती फरशीपासून एक फुटावर धरा. धूर हळूहळू वर चढून छपराखालच्या मोकळ्या जागेतून बाहेर जायला हवा. आत घुटमळत राहिला तर पडदा आणखी खाली घ्या. भसकन एका बाजूला पळाला तर सशाच्या अंगावर थेट वारा येतोय, पेटी त्या रेषेतून हलवा.

## पावसाळ्यातला रोजचा क्रम

सकाळी पहिलं काम पडदा उतरवणं. पाऊस असेल तर निम्मा. मग पेंढा मुठीत दाबून बघा. हात ओलसर लागला किंवा पेंढा चिकटून गोळा राहिला तर तेवढा भाग लगेच काढा. लघवीचा कोपरा रोज, पूर्ण पेंढा आठवड्यातून दोनदा. उकिडवं बसून एक फुटाच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्या. उभं राहून वास येत नसला तरी तिथे डोळे चुरचुरतील, आणि ससा दिवसभर त्याच उंचीवर असतो.

दिवसातून दोनदा प्रत्येक ससा उचलून शेपटीखाली बघा. केस ओले असतील तर पुसून पूर्ण वाळवा. केसांच्या मुळाशी पांढरट, तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसली तर विंचरून काढा आणि सशाला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. अळ्या दिसल्या तर क्षणभरही थांबू नका.

पेंढा आणि सुकं गवत मेमध्येच भरून जमिनीपासून फूटभर उंच माच्यावर ठेवा, भिंतीला न टेकवता. बुरशीचा वास आलेला पेंढा उन्हात वाळवून परत वापरायचा नाही. कापून ढीग लावलेलं ओलं गवत आतून तापतं आणि आंबतं. पावसात आणलं तर पसरून पाणी निथळू द्या आणि त्याच दिवशी घाला.

दर पंधरा दिवसांनी चरातला पालापाचोळा काढा, स्क्रू आणि दोऱ्या बघा, तट्ट्याला बुरशी धरली का ते बघा.

## ऊन पडल्यावर

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये पडदे पूर्ण उतरवून धुवा, वाळवा. पेटी दोन-तीन दिवस उन्हात उलटी ठेवा. फरशीवर उकळतं पाणी ओतून ती पूर्ण सुकू द्या, तोवर ससे बाहेर.

सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता टाकतो. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्रास सुरू होतो. त्यामुळे ऑक्टोबर आणि मार्च ते मे पश्चिमेला ताडपत्रीऐवजी ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट लावा. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात कोरड्या हवेत वाळ्याचे पडदे किंवा ओली गोणपाटं उपयोगी पडतात, दुपारभर ओली ठेवली तर. कोकणात आणि मुंबईत त्यांनी दमटपणा तेवढा वाढतो. तिथे मडक्यातलं गार पाणी, गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, आणि ओल्या फडक्याने कान पुसणं हे जास्त कामाचं. ससा लांब पसरून तोंड उघडून धापा टाकत असेल तर त्याला ताबडतोब सावलीत, पंख्याखाली न्या आणि कान साध्या पाण्याने ओले करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. धाप थांबेपर्यंत वाट न बघता पशुवैद्याला फोन करा.